समलंब चौकोन आणि एक शेत

आठवीच्या वर्गांत समलंब चौकोनाचें क्षेत्रफळ शिकविण्याचा दिवस जवळ आला, कीं मला दरवर्षीं थोडी धास्तीच वाटते. धडा कठीण आहे म्हणून नव्हे, तर तो फार सोपा आहे म्हणून. समांतर बाजूंची बेरीज करा, उंचीनें गुणा, निम्में करा, झालें! दहा मिनिटांत सूत्र पाठ होतें, परीक्षेंत गुणही पडतात, आणि शिक्षक समाधानानें खडू खालीं ठेवितो. परंतु हें सूत्र मुलांस आयतें सांगूं नये, असें माझें स्पष्ट मत झालें आहे. व तें मत होण्यास एक शेत कारण झालें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलाच्या वडिलांनीं गांवाशेजारचा जमिनीचा एक तुकडा विकत घेण्याचें योजिलें होतें. त्याच्या दोन समांतर बाजू १२० व २४० फूट, आणि दोन तिरप्या बाजू प्रत्येकीं १०० फूट अशा होत्या. व्यवहार जुळविणाऱ्या गृहस्थानें समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेतली, १८० ला १०० नीं गुणिलें व १८,००० चौरस फूट असा हिशेब सांगितला. वडिलांनीं तो मुलाकडून पडताळून घेतला. मुलानें माझें सूत्र अगदीं बिनचूक म्हटलें, उंचीच्या जागीं १०० घातले, आणि त्याचेंही उत्तर १८,०००च आलें!

दुसरे दिवशीं तो वही घेऊन मजकडे आला, तो शंका विचारण्यास नव्हे, आपलें उत्तर दाखविण्यास. मीं आकृतीच्या दोन वरच्या कोपऱ्यांपासून खालच्या बाजूवर लंब टाकिले. दोन्ही बाजूंस ६० फूट पाया व १०० फूट कर्ण असलेले काटकोन त्रिकोण झाले. म्हणजे लंब ८० फुटांचा. खरें क्षेत्रफळ १८० गुणिले ८०, अर्थात् १४,४०० चौरस फूट. गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट धरिले तर सव्वातीन गुंठ्यांहून कांहीं अधिकच जमीन केवळ कागदावर होती, आणि तिचे पैसे मात्र खरे मोजावे लागले असते. इसार दिला गेला नव्हता, एवढेंच बरें. मुलाचें सूत्र बरोबर होतें. उंची कशास म्हणावें, हें त्यास कोणीं दाखविलें नव्हतें. तो ‘कोणी’ मीच होतों.

बाजूंच्या सरासरीचा हा गुणाकार कांहीं त्या गृहस्थाची कल्पना नव्हे. प्राचीन मिसरांतील एडफू येथील देवालयाच्या जमिनींची मोजणी याच रीतीनें लिहिलेली आढळते. आणि आपल्याकडे इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें ही रीत दिली खरी, परंतु ती ‘स्थूल’ होय असेंही सांगून ठेविलें. आयताखेरीज इतर कोणत्याही साध्या चौकोनांत ही रीत खऱ्यापेक्षां अधिकच दाखविते, कमी कधींही नाहीं. तेव्हां ती विकणाऱ्यास प्रिय असावी यांत नवल नाहीं. समलंब चौकोनाचा खरा नियम तर त्याहूनही जुना, इ. स. ४९९ च्या आर्यभटीयांत तो आहे. आणि ११५० सालच्या लीलावतींत भास्कराचार्यांनीं, लंब किंवा कर्ण न सांगतां नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचें क्षेत्रफळ विचारणाऱ्यास सरळ पिशाच म्हटलें आहे, व उत्तर देणाऱ्यास त्याहून वरचें! (याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें मठ स्थापिल्याचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे, आमच्या सहली तिकडे क्वचितच वळतात.)

मग शिकवावें कसें? कित्येक शिक्षक कागदाचे दोन सारखे समलंब चौकोन कापून एक उलटा करून दुसऱ्यास जोडितात व समांतरभुज चौकोन करून दाखवितात. रीत सुंदर आहे, पण तींत थोडी जादूगिरी आहे. मूल टाळी वाजवितें आणि विसरतें. मला साधा कर्णच अधिक आवडतो. एक कर्ण काढला कीं दोन त्रिकोण होतात. एकाचा पाया १२०, दुसऱ्याचा २४०. आणि उंची दोघांची तीच ८०, कारण समांतर रेषांमधील अंतर कोठेंही मोजा, सारखेंच. ४,८०० आणि ९,६०० मिळून १४,४००. येथें उंचीविषयीं चूक होणें कठीण, कारण त्रिकोणाची उंची मुलास आधींच ठाऊक असते. शिवाय वरची बाजू आखडत आखडत शून्य झाली तर काय उरेल, असें विचारावें. वर्गांतून कोणी तरी ‘त्रिकोण!’ म्हणून ओरडतोच.

यावर माझे सहकारी म्हणतात कीं, चाळीस मिनिटांच्या तासांत व साठ मुलांच्या वर्गांत हें साधणार कसें? आक्षेप खरा आहे. माझे तीन तास जातात, व पुढचा धडा मागें पडतो. पण हा विषय तीन तासांच्या योग्यतेचा नाहीं, असें कोणी म्हणूं नये. २०१६ सालीं मातेऊ ओसेनड्रायव्हर या संशोधकानें बाबिलोनच्या मृत्तिकापट्टांचा असा उलगडा प्रसिद्ध केला कीं, ख्रिस्तपूर्व ३५० ते ५० या काळांतील तेथील ज्योतिषी गुरु ग्रहाची चाल समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळावरून काढीत. रोजची गति साठ दिवसांत १२ कलांवरून साडेनऊ कलांवर येते; दोहोंच्या बेरजेचें निम्में पावणेअकरा कला, तीस साठांनीं गुणिलें म्हणजे १० अंश ४५ कला. येथें उंचीच्या जागीं लांबी नाहींच, दिवस आहेत! सूत्र नुसतें घोकणाऱ्यास हें सुचलें असतें काय?

तो शेताचा मुलगा पुढें एकदां मला म्हणाला, “सर, पण ज्या शेताच्या कोणत्याच दोन बाजू समांतर नाहींत, त्याचें काय?” आमच्या क्रीडांगणाची पूर्वेकडील कड तशीच वांकडी आहे. यंदाच्या आठवीस मीं तीच नेमून दिली आहे. फीत, सुतळी व चार खुंट्या त्यांनीं जमविल्या आहेत. दोन तुकड्यांनीं मोजणी केली, पैकीं एकीनें कर्ण मोजलाच नाहीं. तिला शुक्रवारीं पुन्हां पाठवीत आहें.