गुराबेला सिंह चिकटवू नका

शिवजयंती जवळ आली की आमच्या टेंभुर्णीत सगळ्यांच्या स्टेटसवर आरमार उतरतं. तीन मजली जहाज, फुगलेली शिडं, वर भगवा आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, डरकाळी फोडणारा सिंह नाहीतर पंख पसरलेला गरुड. एआयनं काढलेलं हे जहाज युरोपी आहे. झेंडा तेवढा आपला. ‘जाऊ दे, भावना चांगली आहे,’ असं मित्र म्हणतात. मला ते पटत नाही.

युरोपी युद्धनौकांच्या नाळेवर देव, राजे, सिंह कोरत. त्यात राजकारण किती असे, ते एका मूर्तीवरून कळतं. 1819 मध्ये मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी सागवानाची ‘सेरिंगपटम’ ही युद्धनौका बांधली गेली. नाव श्रीरंगपट्टणचं, तिथे 1799 मध्ये टिपू लढताना पडला. तिच्या नाळेवरची मूर्ती आज लंडनमधल्या ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. टिपू मानला जाणारा हा पुरुष हातात छत्री घेऊन बसलाय अरबी कथांमधल्या रॉक नावाच्या महापक्ष्यावर. टिपूबद्दल तुमचं मत काहीही असो, डाव ओळखा. ज्याच्या अग्निबाणांचा इंग्रजी फौजेनं धसका घेतला होता, त्याला मेल्यावर परीकथेत नेऊन बसवलं. शत्रू गोष्टीतला झाला की त्याच्या अकलेची दखल घ्यावी लागत नाही.

आंग्र्यांचं तेच आपण स्वतःच्या हातानं करतोय. गुराबेची नाळ लांब आणि बसकी असे, कारण पुढच्या तोफा तिच्यावरूनच डागत. तिथे उंच सिंह म्हणजे आपल्याच तोफेला आडकाठी! वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत. तिथे त्याच्या तोफा कमी आणि जहाज जागच्या जागी अडकलेलं. अशा नौकांच्या जोरावर कान्होजी आंग्र्यांनी 1729 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, इंग्रजांना दाद दिली नाही.

आमच्याकडून समुद्र लांब. होडी बघायची तर उजनीच्या पाण्यावर, तीही मासेमारांची. म्हणून जहाज म्हणून काहीही दाखवलं तरी खपतं. पण ज्या सुतारांनी आणि खलाशांनी वारा, उथळ खाड्या आणि तोफेचा पल्ला जोखून या नौका घडवल्या, त्यांचं डोकं त्या सिंहाच्या आयाळीखाली झाकलं जातं.

यंदा पोस्टर करणाऱ्या पोरांनो, सिंह काढा. तिथे दोन तोफा ठेवा.