पंखा हवा, पण खिडकीत नको

अमेरिकेत बेसमेंट असलेल्या घरात राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला कळकळीची विनंती: या आठवड्यात रेडॉन तपासणीचा एक किट मागवा. घर तुमचं असो की भाड्याचं, नवं असो की जुनं. थंडी पडली, खिडक्या लागल्या, फर्नेस सुरू झाला. आता वसंत येईपर्यंत बेसमेंटमध्ये रेडॉन वायू सहसा जास्तच असणार, आणि नेमक्या याच दिवसांत आपण खाली जास्त वेळ काढतो.

आपलं बेसमेंट म्हणजे काही नुसती अडगळ नाही. मुलांची खेळायची खोली तिथे, घरून काम करणाऱ्याचं टेबल तिथे, तबल्याचा रियाज तिथे, गणपतीची आरास तिथे. भारतातून सहा महिन्यांसाठी आई-बाबा आले की गुडघे दुखत असूनही त्यांची झोपायची सोय तिथेच, कारण वेगळं बाथरूम खालीच असतं. म्हणजे घरातली सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेली माणसं जमिनीच्या सर्वांत जवळ राहतात.

रेडॉन येतो त्या जमिनीतूनच. खडकात आणि मातीत थोडंफार युरेनियम असतंच. ते क्षय पावत पावत रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यामुळे धूप-कापूर जाळून तो जात नाही, डीह्युमिडिफायरने हटत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच्यासाठी वाजत नाही. हिवाळ्यात तापलेलं घर उंच धुराड्यासारखं वागतं: गरम हवा वरून निसटते आणि तिची जागा भरायला घर खालून हवा ओढतं. काँक्रीटमधल्या भेगा, भिंत आणि लादी यांच्यातली फट, पाइपांभोवतीची भोकं, संप पंपाचा उघडा खड्डा, या सगळ्या वाटांनी मातीतला वायू वर येतो.

घरातला रेडॉन ही गंभीर बाब आहे हे अमेरिकेला कळलं ते १९८४च्या डिसेंबरमध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रास नावाचे अभियंता काम करत होते. केंद्रातून बाहेर पडताना किरणोत्साराचा अलार्म वाजला तर समजण्यासारखं आहे. त्यांच्या बाबतीत तो आत शिरताना वाजला, आणि केंद्रात वीजनिर्मिती तर अजून सुरूही झाली नव्हती. शोध घेता घेता लोक त्यांच्या घरी पोचले. तिथल्या हवेत रेडॉन निघाला लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी. पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, ज्या पातळीला घर दुरुस्त करा म्हणते ती आहे ४. वॉट्रास कुटुंबाला घर सोडावं लागलं. त्या घराखाली उपाय केले गेले, पातळी खाली आली आणि ते कुटुंब पुन्हा त्याच घरात राहायला गेलं. घाबरून जाण्याची गरज का नाही, हे या शेवटच्या वाक्यात आहे.

४ हा आकडाही निरुपद्रवी नव्हे. त्या पातळीला एक लिटर हवेत मिनिटाला साधारण ९ रेडॉन अणू फुटतात. त्यातून निघणारे पोलोनियमसारखे कण धुळीला चिकटून फुप्फुसात बसतात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. ईपीएच्या अंदाजानुसार अमेरिकेत दर वर्षी सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने जातात, त्यांतल्या सुमारे २,९०० जणांनी कधीच सिगारेट ओढलेली नसते. घरात कुणी ओढत असेल तर धोका कितीतरी पट वाढतो. जागतिक आरोग्य संघटना तर आणखी कडक आहे. तिने २००९ साली सुचवलेली मर्यादा घनमीटरला १०० बेकरेल, म्हणजे लिटरला सुमारे २.७ पिकोक्युरी. तेव्हा आकडा ३ आला म्हणून हुश्श करू नका. २ ते ४ च्या दरम्यानही उपायाचा विचार करा, असं ईपीएच सांगते.

आता मूळ मुद्दा. आकडा जास्त आला की आपल्यातला घरगुती इंजिनिअर जागा होतो (आणि आपल्यात तो प्रत्येक घरात निदान एक असतोच). हार्डवेअरच्या दुकानातून एक्झॉस्ट फॅन आणायचा, बेसमेंटच्या खिडकीत बसवायचा, वाईट हवा बाहेर टाकायची, काम झालं! कृपा करून हे करू नका. तो पंखा जितकी हवा बाहेर फेकतो तितकी कुठून तरी आत येणारच. बंद घरात तिला लादीखालच्या भेगा आयत्या सापडतात. बेसमेंटमधला दाब कमी होतो आणि रेडॉन आणखी जोराने आत ओढला जाऊ शकतो. त्यात गॅसचा फर्नेस किंवा वॉटर हीटर तिथेच असेल, तर त्याचा धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी उलटा खोलीत येण्याची भीती. म्हणजे एका न दिसणाऱ्या वायूशी लढताना दुसरा घरात घ्यायचा.

खिडक्या उघडल्याने पातळी उतरते खरी, पण बंद केल्यावर साधारण बारा तासांत ती बहुधा पूर्वीच्या जागी येते. शिकागोच्या जानेवारीत त्या कोण उघड्या ठेवणार? आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा समतोल ठेवून उष्णता वाचवणारं यंत्र मिळतं, त्याचा काही घरांत चांगला उपयोग होतो. पातळी बरीच चढलेली असेल तर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

खरा पंखा लागतो तो लादीच्या खालची हवा ओढण्यासाठी. प्रमाणित कंत्राटदार बेसमेंटच्या काँक्रीटला एक भोक पाडतो, खालची थोडी खडी-माती काढून पोकळी करतो, त्यात तीन-चार इंची पीव्हीसी पाइप बसवतो आणि तो छपराच्या वर नेतो. त्या पाइपावरचा पंखा रात्रंदिवस चालतो. लादीखालचा दाब घरातल्या दाबापेक्षा कमी होतो आणि वायू घरात शिरण्याआधीच आकाशात जातो. सोबत भेगा बुजवतात, संपच्या खड्ड्यावर घट्ट झाकण बसवतात. खाली क्रॉल स्पेस असेल तर मातीवर जाड प्लास्टिक अंथरून त्याच्याखालून हवा ओढतात. खर्च घराच्या रचनेवर अवलंबून, पण बहुधा एक ते तीन हजार डॉलर. किचनच्या काउंटरटॉपवर आपण याहून जास्त उधळतो.

कंत्राटदाराचं काम तपासताना दोन गोष्टी पाहाच. पंखा अ‍ॅटिकमध्ये किंवा घराबाहेर असला पाहिजे, बेसमेंटमध्ये कधीच नाही. कारण पंख्याच्या पुढच्या पाइपात दाब असतो, तिथे गळती झाली तर गोळा केलेला सगळा रेडॉन घरातच सुटेल. दुसरं, पाइपावर रंगीत द्रव भरलेली इंग्रजी यू आकाराची नळी हवी. दोन्ही बाजूंची पातळी वेगवेगळी दिसली तर ओढ चालू आहे. समान दिसली तर पंखा बंद पडलाय, लगेच फोन करा. विजेचं बिल वाचवायला तो पंखा बंद करू नका, सुट्टीत भारतात जातानाही नाही. काम झाल्यावर २४ तासांनंतर आणि ३० दिवसांच्या आत पुन्हा मोजा, मग दर दोन वर्षांनी.

शेजाऱ्याचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. एकाच गल्लीतल्या दोन घरांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आयोवाचे सगळेच्या सगळे परगणे जास्त धोक्याच्या पट्ट्यात येतात, पण नकाशावर तुमचा भाग फिका दिसला म्हणून तपासणी टाळू नका. सगळ्या देशात दर १५ घरांत एक घर ४ च्या वर आहे, असा ईपीएचाच अंदाज आहे. मोजण्याआधी बारा तास खिडक्या-दारं बंद ठेवा. किटमधला कोळशाचा डबा जिथे माणसं वावरतात अशा सर्वांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून किमान वीस इंचांवर ठेवा. स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळा. मुदत संपली की त्याच दिवशी पोस्टात टाका. डब्यातला रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो, तो बॅगेत विसरलात तर मोजणीच वाया.

महाराष्ट्र मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनो, अमेरिकेत जानेवारी हा रेडॉनविषयक जागृतीचा महिना असतो, आणि आपली संक्रांतही त्यातच येते. यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाटीऐवजी तपासणी किट द्या. अनेक राज्यांचे रेडॉन विभाग किट स्वस्तात, काही ठिकाणी फुकटही देतात. तुमच्या राज्याच्या कार्यालयाला आजच विचारा, घाऊक मागणीला वेळ लागतो.

आणि आई-बाबा सध्या खालीच झोपत असतील, तर निकाल येईपर्यंत त्यांचा पलंग वर हलवा. दिवाणखान्यात गर्दी झाली तरी चालेल.