सायकलची ट्यूब घरी बदलताना

मैत्रिणींनो, शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते तेव्हा हजेरीच्या वेळी एक कारण हमखास ऐकू येते : "बाई, ती आली नाही, तिची सायकल पंक्चर आहे." दुकान लांब, वडील फिरतीवर, भाऊ 'आज करतो, उद्या करतो' म्हणणार आणि मुलगी दोन-दोन दिवस घरात! मुलगे मात्र कुणाच्या तरी कॅरिअरवर बसून येतातच. म्हणून हे काम घरातल्या बाईला नि मुलीला आलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. शिवणयंत्राचा पट्टा आपणच चढवतो ना? मग चाकाला काय भ्यायचे!

नटाला नेमका बसणारा पाना, पंप आणि जाड दांड्याचे दोन जुने स्टीलचे चमचे एवढे पुरते. स्क्रू-ड्रायव्हरने टायर उचकटू नका, ट्यूब फाटते.

सायकल जुन्या चादरीवर उलटी करा. सुरुवात पुढच्या चाकाने केलेली बरी. ब्रेक अडत असतील तर सैल करा, दोन्ही नट काढून चाक मोकळे करा. उरलेली हवा सोडा आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी रिमवर बसलेला नट काढा. आता टायरची कड सगळीकडून दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. हे केले की टायर सैल पडतो, नाहीतर नुसतीच ओढाताण. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला चमचे घालून एक कड बाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या.

नवी ट्यूब घालायची घाई मात्र नको! जुनी का गेली ते आधी पाहा. तिच्यात हवा भरून बादलीतल्या पाण्यात बुडवली की बुडबुडे जागा सांगतात. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा काच टायरमध्येच अडकलेली असते. कापडाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, तो अडकेल तिथे गुन्हेगार सापडेल. आतल्या अंगाला असेल तर रिमवरची पट्टी सरकून तारेचे टोक टोचलेले असते. नवी पट्टी घाला. शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर समजा, कमी हवेवर खड्ड्यात आपटली. हे न पाहता घातलेली नवी ट्यूब दुसऱ्याच दिवशी बसते, आणि आपण उगीच दुकानदाराला नावे ठेवतो.

टायरच झिजला असेल तर दोन्ही कडा काढून तोही बदला. कडेवर छापलेले माप जसेच्या तसे कागदावर उतरवून न्या. २६ × १ ३/८ आणि २६ × १.७५ ही मापे सारखी वाटतात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

नव्या ट्यूबला शंखजिरे किंवा साधी पावडर चोळा, म्हणजे ती चिकटत नाही. थोडीशी हवा भरून ती गोल करा, व्हॉल्व्ह भोकात घाला आणि कड अंगठ्यांनी आत बसवत या, शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटची वीतभर कड हट्ट करते. तिथे साबणाचे पाणी लावा, तेल नको, रबर खराब होते. चमचा तर इथे नकोच. पुष्कळशा नव्या ट्यूबा याच वेळी चिमटून मरतात. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, निम्मी हवा भरा, टायर सगळीकडे सारखा बसलाय ना पाहा, मग पूर्ण भरा. चाक मधोमध ठेवून दोन्ही नट सारखे घट्ट आवळा. ब्रेक परत जोडून, दाबून बघितल्याशिवाय मुलीला सायकल देऊ नका.

मागच्या चाकाला चेनही उतरवावी लागते. चेन पूर्ण झाकलेली असेल तर ते चाक खुशाल दुकानात द्या, त्यात कमीपणा नाही. नुसते पंक्चर काढायला मात्र चाक उतरवावे लागत नाही; ट्यूब तिथल्या तिथे बाहेर काढता येते.

आणि जुनी ट्यूब टाकू नका बरं! आडव्या चकत्या कापल्या की डब्यांना, पिशव्यांना लावायला भक्कम रबरे होतात.