मोत्याची पानथरी काढावी का?

सिन्नरकडच्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचा मोत्या अकरा वर्षांचा. पंधरवड्यापूर्वी रानातून येताना बांधावरच बसला, उठेना. दुसऱ्या दिवशी दूध-भाकरी खाऊन पुन्हा हिंडू लागला, पण पोट जड दिसते. डॉक्टरांनी हाताने चाचपून सांगितले की पानथरीला गाठ असावी, काढावी लागेल. घरची मंडळी म्हणतात, म्हाताऱ्या कुत्र्यावर एवढा खर्च कशाला? ताईंना रात्रीची झोप नाही.

ताई, नुसते वय बघून ‘नाही’ म्हणू नका आणि तपासणी पुरी झाल्याशिवाय ‘हो’ही म्हणू नका.

पानथरी, म्हणजे प्लीहा, जठराला लागून डाव्या अंगाला असते. जुन्या तांबड्या पेशी गाळणे, रक्ताचा साठा ठेवणे, रोगजंतूंशी झुंजणे ही तिची कामे. ती काढली तर यकृत आणि अस्थिमज्जा ही कामे बरीचशी सांभाळून घेतात. कुत्रा पानथरीवाचून जगतो.

मोत्या बसला आणि दुसऱ्या दिवशी उठला, यातच मेख आहे. गाठीतून पोटात थोडे रक्त सांडले की कुत्रा गळून जातो. रक्त थांबले आणि शरीराने ते शोषून घेतले की तो पुन्हा उठतो. मधल्या काळात कोणी दृष्ट काढली असेल, तर श्रेय मीठ-मोहऱ्यांना जाते! पण पुढच्या खेपेला रक्त थांबेलच असे नाही. म्हणून रोज ओठ वर करून हिरडी पाहा. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरडी पांढरीफटक दिसली, तर त्याच घटकेला गाडी काढा.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे गोचिडांच्या तापानेही पानथरी सुजते. ती सूज औषधाने उतरते, तिथे चाकूचे काम नाही. म्हणून आधी रक्त तपासावे, पोटाची सोनोग्राफी करावी आणि छातीचा एक्स-रे काढावा. गाठ कर्करोगाची असून फुप्फुसात पसरली असेल, तर पोट उघडून जनावराला त्रासच होतो. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळचे गाठा आणि खर्च आधीच विचारून घ्या, त्यात संकोच कसला?

आता खरे सांगायचे ते सांगतो. न फुटलेली, तपासताना सहज सापडलेली गाठ पुष्कळदा साधी निघते. अशी गाठ काढल्यावर कुत्रा उरलेले आयुष्य सुखाने काढतो. फुटून रक्त सांडलेल्या गाठीत मात्र कर्करोगाची शक्यता जास्त. रक्तवाहिन्यांचा कर्करोग असला, तर नुसत्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक ते तीन महिने मिळतात. पुढे कर्करोगाची औषधे दिली तर चार ते सहा. साधी की कर्करोगाची, हे डोळ्यांनी ओळखू येत नाही. काढलेली पानथरी प्रयोगशाळेत पाठवायला जरूर सांगा. आणि रोग पसरलेला असेल, कुत्रा तळमळत असेल, तर डॉक्टरांकडून शांतपणे निरोप देणे ही माझ्या मते निर्दयता नव्हे.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर सोबत ओळखीचा एखादा तरणा, धिप्पाड, निरोगी कुत्रा न्या. रक्त लागले तर त्याचे घेता येते. कुत्र्याला पहिल्या खेपेस दुसऱ्याचे रक्त सहसा बाधत नाही. नंतरचे दोन-तीन दिवस हृदयाचे ठोके चुकू शकतात. डॉक्टर ‘ठेवा’ म्हणाले तर घरी न्यायची घाई नको.

घरी आणल्यावर ओसरीत कोरड्या गोणपाटावर ठेवा, गोठ्यात नको. दोन आठवडे पळणे, उड्या मारणे, जिना चढणे बंद. शी-शूला साखळी धरूनच न्या. खाणे थोडे थोडे, तीन-चार वेळा. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर जखम चाटू देऊ नये. गळ्यात घालायची कॉलर मिळाली नाही, तर जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून चालतो. हळद, राख, तेल काही लावू नका. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर मुळीच देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे जातात. टाक्यांतून पू आला, पोट फुगले, हिरडी पांढरी पडली किंवा चोवीस तास अन्न घेतले नाही, तर पुन्हा दवाखाना.

आणि पुढे जन्मभर गोचिडांवर नजर ठेवा. पानथरी नसलेल्या कुत्र्याला गोचिडांचा ताप फार जोरात चढतो. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली रोज हात फिरवा. गुरांवर फवारायचे औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला लावू नका.