उचललं की टाकलं रिक्षात!

गेल्या पावसाळ्यात कॉलेजच्या गेटसमोर मित्राची बाईक घसरली. आम्ही चौघांनी त्याला हातापायाला धरून उचललं आणि रिक्षात कोंबलं. वाटलं, जीव वाचवला! डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, 'मान कोणी धरली होती?' कोणीच नाही. तो नशिबानं बचावला.

आपल्या लेखी ॲम्ब्युलन्स म्हणजे सायरनवाली गाडी. पण तिची खरी किंमत आतल्या सामानात आहे. मानेची कॉलर, पाठीखालचा कडक बोर्ड, ऑक्सिजन. मणक्याला मार असेल, तर नुसतं चुकीचं उचलणंही माणसाला कायमचं अंथरुणाला खिळवू शकतं. राज्यात २०१४ पासून १०८ची मोफत सेवा आहे. तरी आपण आधी रिक्षाच शोधतो.

'ती वेळेवर येते कुठे?' असं म्हणाल. कधीकधी उशीर होतो, मान्य. पण जागा धोक्याची नसेल, तर तोवर जखमीला हलवू नका, डोकं-मान स्थिर धरा, वाहतं रक्त कापडानं दाबून ठेवा. एवढं तर जमेल ना? फेस्टवर एवढा खर्च करणाऱ्या कॉलेजनं वर्षातला एक दिवस हे शिकवायला द्यावा, हा हट्ट आपणच धरायला हवा. उद्या गेटसमोर पडलेले तुम्हीही असू शकता.