ओटीपी कुणाच्या हातात?

2025 च्या ऑक्टोबरमध्ये पुंडलिकनगरच्या आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. चिकलठाणा एमआयडीसीत पॅकिंगचं काम करतात, पाच वर्षांपासून आईजवळ राहतात. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे दरमहा 1500 रुपये त्यांना मिळत होते. 18 सप्टेंबरच्या शासन निर्णयाने ई-केवायसी सक्तीची झाली, म्हणून त्या मोबाईल घेऊन आल्या होत्या. स्वतःचा आधार क्रमांक टाकला, ओटीपी आला, भरला. पुढच्या पानावर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी मागितला. वडील वारलेले. नवऱ्याने घराबाहेर काढलेलं.

"ताई, ज्यानं मला हाकललं, त्याच्याच दारात आता आकडा मागायला जाऊ का?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ओळख तपासण्याला माझा विरोध नाही. पैसा सार्वजनिक आहे. या योजनेत पुरुषांनीही पैसे उचलल्याचं 2025 मध्येच उघडकीला आलं. पण तपासायचं काय होतं? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे की नाही, हे. त्यासाठी बाईचं उत्पन्न आणि ती कुणाबरोबर राहते, हे पाहावं लागतं. नवऱ्याच्या फोनवरचा ओटीपी प्रत्यक्षात त्याची परवानगी ठरतो. परवानगी देणारा ती अडवूही शकतो, तिची किंमतही मागू शकतो.

ओरड झाल्यावर मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. पती किंवा वडील हयात नसलेल्यांनी आणि घटस्फोटितांनी स्वतःपुरती केवायसी करून मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश जमा करावा, अशी सोय झाली. पण जिला नुसतं टाकून दिलंय, तिच्याकडे यातला कोणता कागद असणार? योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. संगणकाच्या पानावर मात्र तिच्यासाठी रकाना नव्हता. 1988 मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. इतक्या वर्षांनीही या बाईला आपलं असणं सिद्ध करायला नवराच लागतो.

हे एका योजनेपुरतं नाही. ओळख पटवण्याचे मार्ग मुख्यतः तीन: तुम्हाला माहीत असलेली गोष्ट म्हणजे पासवर्ड किंवा पिन, तुमच्याजवळ असलेली वस्तू म्हणजे फोन किंवा कार्ड, आणि तुमचं शरीर, म्हणजे बोटांचे ठसे, डोळे, चेहरा. यांपैकी दोन एकत्र आले की चोराला अवघड जातं. यामागे गृहीत असं, की माणूस एक, फोन एक आणि गुपित त्याचं एकट्याचं. आपल्या वस्तीतली घरं आठवून पाहा. फोन घराचा, सिम नवऱ्याच्या नावावर, पिन मुलाला पाठ, एटीएम कार्ड सासूच्या कपाटात. आणि धुणीभांडी, बांधकाम, शेती करून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही.

यात फसवणूक झाली तर काय होतं, तेही पाहू. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला भुर्दंड बसत नाही. पण पिन किंवा ओटीपी स्वतःच दुसऱ्याला सांगितला, तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. त्यानंतरचं बँकेचं. घरात ज्या बाईला पिन सांगावाच लागतो, तिची सक्ती या हिशेबात निष्काळजीपणा ठरते.

सरकारला आणि बँकेला बोलताना आपल्या कार्यालयाकडेही पाहायला हवं. आमच्या केंद्रात संगणक एकच. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवलेला. एकदा तो बिघडला. दुरुस्तीला आलेला मुलगा आमच्याकडे तक्रार घेऊन आलेल्या एका बाईच्याच गल्लीतला निघाला. तिचा जबाब, ती कुठे लपून राहते तो पत्ता, सगळं त्याच्यासमोर उघडं होतं. त्याने काही वाचलं नाही, असं मी आजही स्वतःला सांगते. त्या दिवसापासून प्रत्येकीचा वेगळा पासवर्ड आहे, केसपेपरना वेगळं कुलूप आहे, कार्यालयाच्या ईमेलला दुसरी पायरी लावली आहे. सोडून गेलेल्या कार्यकर्तीचा प्रवेश त्याच दिवशी बंद करतो. खर्च शून्य रुपये आला. विश्वास आणि बेफिकिरी यांत आम्ही गल्लत करत होतो.

आपल्या गटांनी लगेच करण्यासारख्या काही गोष्टी आहेत. आलेल्या बाईला पहिल्याच भेटीत विचारावं: आधारला आणि बँकेला कुणाचा नंबर जोडलाय? आधार केंद्रात स्वतः ठसे देऊन नंबर बदलता येतो, त्याला दुसरा कागद लागत नाही. आधारचे ठसे कुलूपबंद करता येतात. व्हॉट्सॲपमध्ये 'जोडलेली उपकरणं' उघडून पाहावं, नवऱ्याच्या संगणकावर तिचे निरोप उमटत असतात. मात्र हे बदल करण्याआधी घरात त्याचे पडसाद काय उमटतील, हे तिच्याशी बोलून घ्यावं. पैसे गेले तर वाट न पाहता बँकेला आणि 1930 वर कळवावं.

आणि शासनाकडे एकच मागणी लावून धरावी: बाईच्या हक्काच्या कोणत्याही योजनेत तिची ओळख तिच्या एकटीच्या पुराव्यावर पटली पाहिजे. उत्पन्न तपासायचं तर ते शासनाने आपल्या नोंदींतून तपासावं. परित्यक्तेला अंगणवाडी सेविकेची किंवा वस्तीतल्या पंचांची चौकशी पुरेशी मानावी.

त्या बाई नवऱ्याकडे गेल्या नाहीत. अर्ज लिहून आम्ही दोघी महिला व बालविकास कार्यालयात गेलो. खिडकीवर विचारलं, "यांचे मिस्टर कुठंयत?" बाई म्हणाल्या, "मी आलेय ना."