शिडीची वाट

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण वर्गात समजावून सांगणे फार सोपे. मुले हसतात, मास्तरही हसतो. पण आपल्या वाढत्या शहरांतून ही म्हण आता एका नव्याच अर्थाने खरी ठरू लागली आहे. बंब वेळेवर येतो, अगदी दाराशी येतो; पण आग असते सातव्या मजल्यावर आणि बंब जमिनीवर! रामेश्वर आणि सोमेश्वर यांच्यातले अंतर आता आडवे राहिले नाही, उभे झाले आहे.

बंबावरची हातशिडी साधारण दहा-बारा मीटरांची. तिची धाव फार तर तिसऱ्या मजल्यापर्यंत. वाडे आणि चाळी होत्या तोवर ती पुरली. आता वाडे पाडून त्यांच्या जागी सात-सात, अकरा-अकरा मजले चढले. घरे वाढली, शिडी तेवढीच राहिली! मग नगरपालिकेत यांत्रिक शिडीच्या गाडीचा विषय निघतो आणि एखादे हिशेबी गृहस्थ विचारतात, “अहो, वर्षभर नुसत्या उभ्या राहणाऱ्या गाडीवर कोट्यवधी रुपये कशाला?”

प्रश्न गैर नाही. पैसा आपल्याच घरपट्टीतला असतो. पण त्याचे उत्तर वांद्र्याला मिळाले आहे. २२ जुलै २०१९ रोजी तिथल्या महानगर टेलिफोन निगमच्या नऊमजली इमारतीला आग लागली. धूर वर चढला, माणसे गच्चीवर अडकली. अग्निशमन दलाने मोठ्या शिड्या लावून ८४ जणांची सुटका केली. जिना धुराने भरला की शिडी हाच जिना! शिवाय वरून पाण्याचा मारा करायला आणि कच्च्या छपरावर जवानांना पाय ठेवायला न लावता आग विझवायलाही हीच गाडी उपयोगी पडते. वर्षभर उभी राहिली, तर देवाचे आभार मानावेत.

मात्र गाडी विकत घेतली म्हणजे काम संपले, असे नाही. ही गाडी लांब आणि वजनाने भारी. शिडी उभारण्यापूर्वी तिला दोन्ही बाजूंना लोखंडी पाय पसरून घट्ट जमिनीवर रोवावे लागतात. शिडी भिंतीला चिकटून सरळ वर जात नाही, तिरकी जाते. म्हणून इमारतीपासून थोडे अंतर लागते आणि डोक्यावर तारा नसाव्या लागतात. आता आपले आवार डोळ्यांसमोर आणा. गल्लीत दोन्ही कडांना मोटारी. फाटकावर सोसायटीच्या नावाची ठेंगणी कमान. आत शोभेच्या फरशा आणि त्यांच्याखाली पाण्याची टाकी, जिची स्लॅब हे वजन पेलेल की नाही, हे कोणी विचारलेले नसते. उंच इमारतींत आणीबाणीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा असते. तिथे कोणाचा जुना सोफा, कोणाचे कपाट आणि गणपतीच्या मखराचे सामान! शिडी तिथवर पोचली, तरी माणसाने उभे राहायचे कुठे?

आणि शिडीलाही शेवट आहेच. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरपर्यंत पोचणारी शिडी आहे; पण तिच्याहून उंच इमारती त्याच मुंबईत कितीतरी आहेत. तिथे मोकळा जिना आणि इमारतीतली चालू स्थितीतली पाण्याची नळयंत्रणा हाच आधार. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याने ही यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. आपल्या सोसायटीचा दाखला शेवटचा कधी दिला, हे चिटणिसांना विचारायला हरकत नसावी.

तेव्हा आपल्या शहरासाठी शिडीची गाडी जरूर मागा, हट्टाने मागा. पण मागणीच्या अर्जावर सही करण्याआधी, या दिवाळीत घरातले माळे झाडून झाले की एकदा खाली उतरा. फाटक किती रुंद, कमान किती उंच, जिन्यात काय काय ठेवले आहे, एवढे पाहून घ्या. शिडी नगरपालिका देईल. तिची वाट मात्र आपल्यालाच मोकळी ठेवावी लागेल.